आत्तींची शेवंती

मार्गशीर्षात कणकुंबीची सकाळ उशिरा होते. साडेआठ वाजले तरी धुकं मावलीच्या देवळाकडून हलत नाही आणि कौलांवरून दंव टपटपत राहतं. २०२४ च्या डिसेंबरातल्या अशाच एका सकाळी आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, तांब्या घेऊन न्हाणीच्या भिंतीकडेला ओणव्या झाल्या होत्या. भिंतीलगत चार-पाच हात लांबीत कोवळी हिरवी रोपं उगवली होती आणि आत्ती एकेकाच्या बुडाशी हळूच पाणी सोडत होत्या.

"आपसूक उगवली बघ शेवंती," त्या मला म्हणाल्या. "गेल्या वर्षी वाळकी फुलं इथंच टाकलेली मी."

मी पाहिलं. कातरलेली पानं, फिकट हिरवा रंग, अंगावर बारीक लव. मलाही ती शेवंतीच वाटली. खोटं कशाला सांगू!

नाताळच्या सुट्टीला धाकटे दीर आणि जाऊबाई मुलांना घेऊन आले होते. जाऊबाई धारवाडकडची, माहेर पूर्ण कानडी. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी आश्चर्य वाटलं, राग आला किंवा बोट भाजलं की तिच्या तोंडून कन्नडच निघतं. चहाचा कप घेऊन ती मागच्या दारी आली, भिंतीकडे एकदा बघितलं आणि ओरडलीच, "अय्य, इदु काँग्रेस कसा ऐत्री अत्ती! मुट्टब्याड्री!"

आत्तींना कानडी जेमतेम कळतं. पण 'काँग्रेस' कळलं आणि 'हात लावू नका' हेही कळलं. त्या तांब्या तसाच धरून म्हणाल्या, "आमच्यात कुठलं आलंय काँग्रेस? शेवंती हाय ती माझी."

यावर घरात जो हशा पिकला तो सांगायला नको. दिरांनी तेवढ्यात विचारून घेतलं, "आई, मग मत कुणाला दिलंस?" बेळगावात तशी काँग्रेसची कमतरता नाही. टिळकवाडीत काँग्रेस रोड आहे, काँग्रेस विहीर आहे. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजी अध्यक्ष असलेलं अधिवेशन तिथं भरलं, त्या पाहुण्यांच्या पाण्यासाठी ती विहीर खोदलेली. आणि शहराबाहेर पडलं की दोन्ही अंगांना हे तिसरं काँग्रेस. मराठी माणूस त्याला गाजर गवत म्हणतो, काँग्रेस गवतही म्हणतो. कानडी माणूस काँग्रेस कसा म्हणतो, काँग्रेस गिडा म्हणतो. सीमाभागात दोन्ही भाषांचं एकमत झालेल्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यात हे एक तण आहे! झाडाच्या शेंड्यावर पांढऱ्या फुलांचे तुरे येतात, ते पांढऱ्या टोप्यांच्या गर्दीसारखे दिसतात म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. दुसरी गोष्ट अशी सांगतात, की काँग्रेसच्या राजवटीत अमेरिकेहून गहू आला, त्यातून हे बी आलं. खरं कुठलं यावर आमच्या घरात अजून वाद आहे. मूळचं ते अमेरिका खंडातलं, मेक्सिकोच्या आखाताकडचं, आणि १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते दिसल्याची नोंद झाली, एवढं नक्की. पुढच्या वीस वर्षांत ते एवढं माजलं, की १९७५ मध्ये कर्नाटक सरकारला कायद्यानं त्याला उपद्रवी तण जाहीर करावं लागलं. कायद्याला त्यानं किती भीक घातली ते आपण रोज बसमधून बघतोच.

पण आत्तींचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्या या घरात आल्या त्याला साठ वर्षं होतील. एवढ्या काळात आमच्या अंगणात काँग्रेस कधी उगवलं नव्हतं. खानापूर तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग म्हणजे पावसाचा आणि जंगलाचा. आमच्याकडे रानमोडी माजते, ओसाडी माजते, पावसात शेवाळ भिंतीवर चढतं. काँग्रेस हे माळाचं, रस्त्याकडेचं, उकरलेल्या आणि उघड्या पडलेल्या जमिनीचं तण. ते बेळगावला जाताना खिडकीतून दिसायचं, तेवढीच आत्तींची त्याच्याशी ओळख. धावत्या बसमधून दिसतं ते फुलावर आलेलं, कमरेएवढं झाड. ते तान्हं असताना कसं दिसतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मग ते आलं कुठून?

याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. चोर्ला घाटातून गोव्याला जाणारी वर्दळ वाढल्यापासून आमच्या पुतण्याच्या डोक्यात घराशेजारी दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवायचं होतं. पाहुणे म्हटले की लॉन आलंच. आमचं अंगण कसं, दिवाळीच्या आधी गवत खरवडायचं, माती चोपून घट्ट करायची, शेणानं सारवायचं, मग तिथंच तुळशीचं लग्न आणि तिथंच भाताची रास. पुतण्याला तिथं हिरवळ पाहिजे होती. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यानं अर्धं अंगण उकरलं, बेळगावच्या बाजूनं दोन ट्रॉली माती आणि एक ट्रॉली शेणखत आणलं आणि वर गवताच्या लाद्या अंथरल्या. त्या खतातून किंवा मातीतून बी आलं असणार. एक झाड दहा-पंधरा हजार बिया सहज टाकतं, चांगलं पोसलेलं पंचवीस हजारांपर्यंत जातं. बी इतकं बारीक, की ट्रॉलीभर खतात ओंजळभर असलं तरी दिसायचं नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण जाऊबाईनं कप खाली ठेवला आणि आत्तींचा हात धरून कोपराच्या आतली बाजू उजेडात वळवून बघितली. मग मान बघितली, डोळ्यांच्या पापण्या बघितल्या. मला म्हणाली, "अक्का, यांना हे कधीपासून आहे?"

आत्तींची खाज ही आमच्या घरातली जुनी गोष्ट झाली होती. २०२२ च्या हिवाळ्यात सुरू झाली. आधी मनगटं, मग कोपराच्या घड्या, मान, पापण्या. कातडी काळवंडून जाड झाली, रात्रभर खाजवून भेगा पडायच्या. एका दवाखान्यात नायटा म्हणून मलम दिलं. दुसरीकडे उन्हाचा त्रास सांगितला. शेजारणींनी साबण बदलायला लावला, हरभऱ्याचं पीठ लावायला सांगितलं, कुणी देवीचं काही राहिलंय का विचारलं. पावसाळ्यात सगळं कमी व्हायचं, आम्हाला वाटायचं बरं झालं. दिवाळी झाली की परत. २०२३ मध्ये तर पापण्या इतक्या सुजल्या, की हळदीकुंकवाला त्या बाहेरच आल्या नाहीत. "असलं तोंड घेऊन कुठं जाऊ," म्हणाल्या. कन्नडात तणाला 'कळे' म्हणतात आणि चेहऱ्यावरच्या तेजालाही 'कळे'च म्हणतात. आमच्या आत्तींच्या तोंडावरची कळा त्या कळेनं घालवली होती आणि दोन वर्षं आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता मागं वळून बघितलं की सगळं सरळ दिसतं. पावसाळ्यात आत्ती घरात असतात. सुगी उरकली की त्या रोज सकाळी पाटावर बसून पुतण्याच्या लॉनमधलं नको ते गवत उपटायच्या. उभं आयुष्य भातात भांगलण केलेला हात, तो गप्प कसा बसणार? मोठी झालेली, पांढरी फुलं आलेली झाडं त्या 'हे गवताबरोबरच आलेलं काहीतरी' म्हणून उघड्या हातांनी उपटायच्या, त्याच हातानं घाम पुसायच्या, डोळे चोळायच्या. आणि भिंतीकडेची लहान रोपं शेवंती म्हणून जपायच्या. एकच झाड, एका हातानं उपटत होत्या आणि दुसऱ्या हातानं त्याला पाणी घालत होत्या.

बेळगावच्या त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर औषधाच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी काढल्या. काँग्रेसच्या पट्टीखाली कातडी लालभडक झाली होती. या झाडाच्या पानांवरच्या लवेत आणि फुलांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, ते कातडीला लागतं. पहिल्यांदा सगळ्यांनाच होत नाही. पण पुन्हा पुन्हा संबंध येऊन एकदा अंग बिघडलं की मग थोडंसुद्धा चालत नाही. झाड वाळून त्याचा भुगा वाऱ्यानं उडाला तरी पुरतो. म्हणून तर जिथं हात लागलेला नाही त्या पापण्यांवर आणि मानेवरही उठतं.

इथवर ठीक होतं. पण शेजारची दुसरी पट्टीही लाल झाली होती. ती शेवंतीची. ही दोन्ही झाडं एकाच सूर्यफुलाच्या कुळातली, आणि एकीनं बिघडलेली कातडी पुष्कळदा दुसरीलाही ओळखते, असं डॉक्टरांनी सांगितलं. काँग्रेसपासून लांब राहायचं आणि शेवंतीपासूनही.

आत्ती तिथं काही बोलल्या नाहीत. खानापूर गेल्यावर बसमध्ये एवढंच म्हणाल्या, "म्हणजे वेणीपण नको."

त्या रात्री जाऊबाईनं आणि मी कंदील नव्हे, मोबाईलचा उजेड घेऊन भिंतीकडेची रोपं आणि कुंडीतली खरी शेवंती शेजारी शेजारी ठेवून बघितली. ज्यांच्या घरी असा गोंधळ होऊ शकतो त्यांच्यासाठी सांगते. काँग्रेसचं लहान रोप जमिनीला चिकटून ताटलीसारखं पसरतं. पानं मधल्या एका बिंदूतून चारी बाजूंना लोळतात, दांडा दिसतच नाही. शेवंती लहानपणीही उभी असते आणि ती बहुतेक जुन्या बुडख्याच्या फुटव्यातून येते. रांगेनं पन्नास रोपं आपसूक उगवली तर ती शेवंती नव्हे, हे आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं. शेवंतीचं पान जाड, कातरा मोठा आणि बोथट. काँग्रेसचं पान पातळ, आधी एकदा चिरलेलं आणि मग त्या चिरेलाही चिरा, गाजराच्या पाल्यासारखं. म्हणून तर गाजर गवत. काहींना ते दवण्यासारखं वाटतं, पण दवण्याचा वास लपत नाही. (वास बघायला पान चुरगळू नका. मी चुरगळलं, जाऊबाईनं लगेच मला साबण लावून हात धुवायला पिटाळलं.) उपटलं की खाली एकच सरळ सोटमूळ येतं. थंडीत ते असं ताटलीसारखं बसून राहतं, घाई करत नाही. मग ऊब मिळाली की मधून उभ्या रेघांचा दांडा वर येतो, फांद्या फुटतात आणि शेंड्याला तांदळाच्या कणीएवढी पाच कोनांची पांढरी फुलं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल धरू शकतं. ही फुलं बाजारातल्या गुच्छांतही मिळतात बरं का! मागं एका शाळेच्या कार्यक्रमात मला मिळालेल्या गुलाबांच्या मागं ती भरलेली होती, आणि मी तो गुच्छ चार दिवस टेबलावर ठेवला होता.

जाऊबाईच्या माहेरी श्रावणात काँग्रेसवर राखाडी-पांढरे, तपकिरी रेघांचे किडे दिसतात. पानाची चाळण करून टाकतात. हे किडे १९८३ मध्ये मेक्सिकोहून बेंगळुरूला आणले आणि १९८४ मध्ये मोकळे सोडले. पुढं हे सूर्यफुलावर जातात म्हणून शेतकऱ्यांत मोठी घबराट झाली होती, तिच्या वडिलांना ते अजून आठवतं. किडा कामाचा आहे यात शंका नाही, पण तो पावसाळ्यातला कामगार. थंडी आली की मातीत शिरून झोपतो तो पुढच्या पावसापर्यंत. सरकारी जागृतीचा आठवडाही ऑगस्टातच, १६ ते २२ तारखेला असतो. सगळी धामधूम पावसाळ्यात, आणि हिवाळ्यात जिथं न्हाणीचं पाणी मिळतं, लॉनला पाणी मिळतं, तिथं हे निवांत वाढतं. मला विचाराल तर घरच्या माणसानं खुरपं घ्यायची वेळ ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीच.

खुरपं म्हटलं तरी नुसतं वरून कापून उपयोग नाही, बुडातून परत फुटतं. पुतण्यानं आधी गवत कापायचं यंत्र अगदी खाली लावून सगळं तासून काढलं होतं. काँग्रेस तसंच आडवं राहिलं आणि बोटभर उंचीवर फुललं! वर गवत विरळ होऊन माती उघडी पडली ती पडलीच. आता तो गवत चार बोटं उंच ठेवतो आणि उघडं दिसेल तिथं लगेच लादीचा तुकडा लावतो. दाट गवतात बियांना उजेड मिळत नाही. उपटायचं काम मी आणि तो करतो. सकाळी दंवानं किंवा पाण्यानं माती भिजलेली असते तेव्हा सोटमूळ सगळं येतं. हातात रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचं, तोंडाला ओढणी. मोजे नसले तर प्लॅस्टिकची पिशवी हातात उलटी घालून झाड धरायचं आणि पिशवी सुलटी करायची, झाड आत. फुलाआधीचं असेल तर खड्ड्यात कुजवतो, खत होतं. फुलावर आलेलं असेल तर खतात मुळीच नाही. ते पिशवीत बांधून उन्हात पुरतं मरू द्यायचं आणि खोल पुरायचं. जाळायला आम्ही जात नाही, धूर आत्तींकडे नको. मिठाचं पाणी मारायचा उपाय सगळे सांगतात. शंभर लिटरला पंधरा-वीस किलो मीठ. रस्त्याकडेला ठीक असेल, पण आमच्या अंगणात विहीर आहे आणि अंगणाचं पाणी शेवटी ओहोळातून मलप्रभेला जातं. तिचा उगमच आमच्या गावात. उगमाशी मीठ ओतायला मन झालं नाही. तणनाशकही त्याच कारणानं नको म्हटलं.

टाकळ्याचा उपाय मात्र आत्तींना पटला, कारण टाकळा त्यांच्या ओळखीचा. पहिल्या पावसात त्याची भाजी आमच्याकडे होतेच. कानडी घरांत तगचे म्हणतात तोच. जिथं टाकळा दाट होतो तिथं काँग्रेसला जागा मिळत नाही. २०२५ च्या मे महिन्यात आत्तींनी ओसरीवर बसून सांगितलं तसं आम्ही न्हाणीच्या मागं आणि खोल्यांच्या कडेनं टाकळ्याचं बी विस्कटलं. जूनमध्ये भाजी खाल्ली, उरलेला वाढू दिला. त्या हिवाळ्यात भिंतीकडेला फार थोडं उगवलं. पण जुनं बी मातीत काही वर्षं जिवंत राहतं, त्यामुळं एका वर्षात संपलं असं नाही. दर पंधरा दिवसांनी शिमग्यापर्यंत फेरी मारावीच लागते.

आत्तींच्या मानेवरची कातडी आता मऊ झाली आहे. कोपराच्या आतला काळा डाग राहिला आहे, तो जाईल असं डॉक्टर म्हणतात. शेवंतीच्या कुंड्या आम्ही शेजारच्या काकूंकडे दिल्या. त्यांना पाणी घालायची वेळ झाली, की आत्ती कुंपणाच्या अलीकडून आठवण करतात, फुलं किती आली ते विचारतात. वेणी अबोलीची घालतात. अबोलीला वास नाही ही त्यांची तक्रार आहे, आणि ती रोज असते.

भांगलण करायची नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरं काम काढलं. सकाळी ऊन आलं की पायरीवर खुर्ची टाकून बसायचं आणि अंगणावर नजर फिरवायची. चष्मा आहे, पण पान ओळखायला त्यांना चष्मा लागत नाही. गेल्या थंडीत पूर्ण अंगणात सात झाडं निघाली, त्यांतली पाच त्यांनी आधी बघितली होती. सातवं तुळशी वृंदावनाच्या फटीत होतं. मी तिथूनच दोनदा झाडून गेले होते.

"अगं, थांब," त्या खुर्चीतून म्हणाल्या आणि काठी तिकडं केली. मग घरात आतल्या जाऊबाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "कित्त ओगी!"